एकनाथरावांचा होकार

मंगळवार, ६ ऑगस्ट

आजपासून ही वही. मराठीत लिहिणार, कारण आमच्या कॉलेजच्या स्पीच थेरपी क्लिनिकमध्ये एकालाही मराठी वाचता येत नाही आणि पद्मजा मॅडमबद्दल मला जे लिहायचंय ते कुणाच्या हाती लागलेलं परवडणार नाही. लहानपणी बाबांनी कान धरून मराठी लिहायला-वाचायला लावलं होतं, त्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग होतोय.

तर पद्मजा मॅडम, आमच्या सुपरवायझर. आज त्यांनी माझी लॉगबुक परत केली. शुक्रवारच्या सेशनचं रेकॉर्डिंग त्यांनी घरी नेलं होतं आणि स्टॉपवॉच लावून ऐकलं होतं. या बाईला दुसरे उद्योग नाहीत का? पानावर लाल शाईत लिहिलंय : ४५ मिनिटं. रसिका ३४. पेशंटची पत्नी ७. पेशंट ४. शांतता ०. त्या शून्याखाली दोन रेघा. सूचना नाही, चांगलं-वाईट काही नाही, नुसते आकडे. मी विचारलं, "मॅडम, मग मी काय सुधारू?" तर म्हणतात, "तूच सांग." (मॅडम माझ्याशी इंग्रजी आणि तेलुगू मिसळून बोलतात, मी इथे आपलं मराठीत उतरवते.)

तूच सांग! मला माहीत असतं तर विचारलं असतं का?

माझा पेशंट म्हणजे एकनाथराव. वय सदुसष्ट, सुलतान बाजारात साडीला फॉल, ब्लाउजचं अस्तर, लेस असल्या सामानाचं दुकान. जूनमध्ये लकवा आला. हात बराचसा परत आला, बोलणं नाही आलं. कळतं बरंच, पण शब्द बाहेर पडत नाही. पुण्याला असलेला मुलगा दोघांना कायमचं तिकडे न्यायचं म्हणतोय. मूळचे भालकीकडचे मराठी, म्हणून ही केस मला मिळाली. चौथ्या वर्षाच्या आमच्या बॅचमध्ये मराठी बोलणारी मी एकटीच आहे. चारपैकी तीन केसेसवर सह्या झाल्यात. हिच्यावर झाली नाही तर सहा महिने पुन्हा, सगळे पुढे आणि मी मागे.

आणि मी ३४ मिनिटं बोलते कारण ते बोलत नाहीत! कुणीतरी बोलायला नको का?


बुधवार, ७ ऑगस्ट

जेवताना बाबांचा सल्ला घेतला. बाबा म्हणाले, "मॅडम एवढा वेळ काढून ऐकतात म्हणजे त्यांना तुझ्याकडून..." मी म्हटलं, अपेक्षा आहे, हेच ना? हे वाक्य मी दहावीपासून ऐकतेय. बाबा म्हणाले, मला ते म्हणायचं नव्हतं. मग काय म्हणायचं होतं? "राहू दे आता," म्हणाले आणि ताक प्यायले. आमच्या घरात असंच. सल्ला मागितला की अर्धाच मिळतो.

अभिजीतदादाला फोन केला. तो बंगळूरहून म्हणाला, सोडून दे आणि एमबीए कर, या लाइनला विचारतं कोण. वर हसला. लोकांना वाटतं आम्ही बोबड्या मुलांना 'र' म्हणायला शिकवतो. मेडिकलच्या नीट परीक्षेचे दोन प्रयत्न फसल्यावर इकडे आले हे खरं आहे, पण दादाने ते हसत बोलून दाखवायची गरज नव्हती.

सीनियर शिल्पाअक्काला मेसेज केला. ती म्हणाली, पद्मजा मॅडम सगळ्यांनाच तसं करतात, तू वर्कशीट्स जास्त लाव, फाइल जाड दिसली पाहिजे. हा एकच सल्ला कामाचा. रात्री बसून सोळा वर्कशीट्स छापल्या, सगळ्या मराठीत, चित्रांसकट.


शुक्रवार, ९ ऑगस्ट

आजचं सेशन उत्तम झालं. हे मी स्वतः लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

एकनाथकाका वेळेवर आले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सोबत सुशीलाकाकू, हातात औषधांची पिशवी. काकूंचा पहिल्या दिवसापासून एकच आग्रह, "बाळ, यांच्याशी मराठीतच बोल. दुकानात हे दिवसभर त्या लोकांसारखं 'हौ-नक्को' करायचे, घरात मी कधी चालू दिलं नाही. बिलकुल नाही." बिलकुल हा शब्द मराठी आहे का ते मी विचारलं नाही.

सोळापैकी अकरा चित्रांवर शब्द आला. मी 'चम' म्हणायचे, काका 'चा' म्हणायचे. पहिलं अक्षर दिलं की गाडी पुढे जाते. मध्येच ते स्वतःहून म्हणाले, "प... प..." आणि दाराकडे हात केला. मी लगेच ओळखलं, "पाणी! बरोबर! शाब्बास काका!" काकूंनी बाटली दिली. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायलं. पुन्हा थोड्या वेळाने "प... प..." झालं, पुन्हा पाणी दिलं, पुन्हा प्यायले. हा उत्स्फूर्त शब्द आहे, लॉगबुकमध्ये ठळक अक्षरात लिहिला.

शेवटी काकूंनी विचारलं, "पुण्याला गेल्यावर तिथं अशी शिकवणारी मिळेल की नाही कुणी?" मी म्हटलं, भरपूर मिळतील, पुण्यात सगळं मराठीतच, उलट इथल्यापेक्षा बरं. काकू म्हणाल्या, "हो का?" आणि पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.


मंगळवार, १३ ऑगस्ट

नाझियाशी भांडण झालं. माझी एकुलती मैत्रीण, पण आज फार डोक्यात गेली.

कॉरिडॉरमध्ये काका बाकावर बसले होते. ही फाइल घेऊन चालली होती, थांबून म्हणते, "क्या दादा, कैसे हैं? दुकान कब खोलते आप? मेरेकू मैचिंग होना था." आणि काका ताठ बसले. हात पुढे करून म्हणाले, "आओ अम्मा! बैठो!" स्पष्ट. अडखळले नाहीत. नाझिया खरंच बसली. म्हणाली, "गुलाबी में दिखाओ दादा." काका हसले, खांदे हलवत हसले. सहा आठवड्यांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

मी नाझियाला बाजूला घेऊन झापलं. माझी केस आहे, मध्ये कशाला येतेस? ती म्हणाली, "अरे, पूरा सुन तो ले. वो बोल रहे थे..." मी म्हटलं, ते बोलत नव्हते. चाळीस वर्षं तेच गिऱ्हाइकांना म्हटलंय, ते आपोआप येतं, पाढे येतात तसं. सेकंड इयरला शिकवलंय आपल्याला. त्यात भाषा नसते. नाझिया म्हणाली, "हौ, ठीक है," आणि निघून गेली. डबाही तिने एकटीने खाल्ला.

आत आल्यावर काकूंनीही काकांना दटावलं, "अहो, मराठीत बोला, डॉक्टरीणबाई आपल्यातल्या आहेत." आज सोळापैकी नऊच आले. नाझियामुळे.


मंगळवार, २० ऑगस्ट

शुक्रवारी काकांना ताप होता, सेशन नव्हतं. आज मात्र मोठं काम झालं.

सेशन संपता संपता शिवराजदादांचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. माणूस सरळ वाटला. म्हणाले, ३१ तारखेला दुकानाची किल्ली मालकाला द्यायची, तसं त्याला कळवायचंय. मी एकटाच ठरवतोय असं नको व्हायला. "आईला विचारलं की ती म्हणते, यांना विचार. बाबांना विचारलं तर हो म्हणतात, पण त्यांना खरंच कळतंय का? तुम्ही यातल्या जाणकार. तुम्ही विचारून सांगा ना."

मला पहिल्यांदा कुणी जाणकार म्हटलं. मी काकांच्या समोर बसले, हळू आणि ठळक बोलले, "काका, शिवराजदादांकडे पुण्याला जायचंय ना? नातीसोबत राहायचंय ना?" काका म्हणाले, "हो." मी पुन्हा विचारलं, "दुकान बंद केलं तर चालेल ना?" "हो, हो."

शिवराजदादांनी डोळे पुसले. काकू म्हणाल्या, "चला, हे तयार आहेत तर मग काय, प्रश्नच मिटला," आणि काकांची कॉलर नीट केली. नीटच होती ती.

मी अहवालात लिहिलं : स्थलांतराबाबत पेशंटला पूर्ण आकलन असून त्यांची स्पष्ट संमती आहे. शिवराजदादांना फोटो काढून पाठवला. त्यांनी हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. घरी येताना बसमध्ये वाटलं, कदाचित याच कामासाठी मी जन्मले असेन. इतकं बरं मला गेल्या दोन वर्षांत वाटलेलं नाही.


शुक्रवार, २३ ऑगस्ट

रागात लिहितेय. अक्षर नीट येणार नाही.

मॅडम आज न सांगता सेशनला आल्या. माझा मंगळवारचा अहवाल हातात. नाझियाला आणि आणखी दोघींना पाहायला बोलावलं. काकांना नमस्कार केला, स्टूल ओढून बसल्या आणि हिंदीत विचारलं, "आपका नाम एकनाथ है?" काका म्हणाले, "हो."

"आपका नाम सुशीला है?"

"हो."

"बाहर बर्फ गिर रही है?"

काका हसून म्हणाले, "हो, हो."

मॅडमनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मग काकांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "माफ करो दादा, टेढ़ा सवाल था." काकांनी मान खाली घातली. त्यांनाही कळलं होतं, काहीतरी चुकलंय ते. ते कळणं मला पाहवेना आणि त्याचाही मला रागच आला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मॅडम, तुम्ही हिंदीत विचारलंत, त्यांची भाषा मराठी आहे. मॅडम म्हणाल्या, "मराठीत विचार. मी थांबते." मी आत जाऊन विचारलं. काका, तुमचं नाव सुशीला का? हो. काका, आपण आता पुण्यात आहोत का? हो.

हे आजारातच असतं. तोंडातून एकच शब्द सहज निघतो आणि मग सगळ्याला तोच येतो. थर्ड इयरला होतं. परीक्षेत मी हे पानभर लिहिलंय, आठ मार्कांना आठ मिळाले होते. होकार घ्यायचा असेल तर उलटं विचारायचं, चित्रं ठेवायची, तीनदा ताडून पाहायचं. मला सगळं येत होतं. मी केलं नाही, कारण मला हवं ते उत्तर आलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुझ्या अहवालावर एका माणसाचं घर हलतंय. कुटुंबाला तू स्वतः सांगायचंस की तू चुकलीस. मी नाही सांगणार. तोपर्यंत सही नाही."

तिघींच्या देखत. नाझियाच्या देखत! एकटीला बोलावून सांगता आलं नसतं का? कुठल्या पुस्तकात लिहिलंय की शिकवायचं म्हणजे माणसाला चारचौघात सोलायचं? मला त्या बाईचा तिरस्कार वाटतो. हे वाक्य मी खोडणार नाही.


शनिवार, २४ ऑगस्ट

कॉलेजला गेले नाही. कोर्स सोडण्याचा अर्ज लिहिला, तीन ओळींत कारण मावेना, फाडला.

आईने दाराबाहेरून विचारलं, काय झालंय? मी सांगितलं. आई म्हणाली, "मग त्या म्हाताऱ्या माणसाला जायचंय की नाही?" मी म्हटलं, आई, विषय तो नाहीये! विषय माझ्या अपमानाचा आहे. आई म्हणाली, बरं, आणि पोहे दाराशी ठेवून गेली.

पोहे गार झाल्यावर खाल्ले. आईचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही.


सोमवार, २६ ऑगस्ट

सांगायचंच तर तोंडावर सांगू, म्हणून दुपारी सुलतान बाजारात गेले. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढं, भिंतभर रिळं आणि फॉलचे गठ्ठे. काका आतल्या खुर्चीत. गल्ल्यावर सुशीलाकाकू बसलेल्या. माझा अंदाज होता की दुकान जूनपासून बंदच असेल.

एक बाई जांभळट रंगाची साडी घेऊन आली. काकू गप्पा मारता मारता मागे न बघता हात घालून फॉल काढायच्या आणि तो बरोबर त्याच रंगाचा असायचा. "रानीगुलाबी नक्को अम्मा, इसमें बैंगनी मिला हुआ है, ये लेव." चार गिऱ्हाइकं झाली तरी माझ्याकडे बघेनात. मी वीस मिनिटं ताटकळत उभी. मला आधीच घाम फुटलेला, त्यात हे.

शेवटी दुकान रिकामं झाल्यावर मी सांगून टाकलं. काकू, मी चुकले. काकांच्या 'हो'ला सध्या अर्थ नाही. त्यांना जायचंय की नाही ते कुणालाच माहीत नाही. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे यांना जायचं नसंल?" आणि त्यांचा चेहरा उजळला की काय असं वाटलं. उकाड्याने असेल.

तेवढ्यात काका म्हणाले, "प... प..." आणि फळीकडे बोट केलं. काकू पाण्याची बाटली शोधायला लागल्या. फळीवर पट्टी होती, कापड मोजायची लोखंडी पट्टी. मी ती काढून हातात दिली. काकांनी ती मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसले.

इतके दिवस मी त्यांना पाणी पाजतेय. माझीच मला इतकी चीड आली की नमस्कारही न करता बाहेर पडले.


मंगळवार, २७ ऑगस्ट

आता मला सगळं स्पष्ट झालंय. काकांना जायचं नाहीये. ज्या माणसाला आजारपणातही पट्टी आठवते, त्याचा जीव कुठे आहे हे सांगायला डिग्री लागत नाही. आणि आम्ही सगळे मिळून त्यांना उचलून पुण्याला टाकायला निघालोत!

शिवराजदादांना फोन केला. म्हटलं, माझा अहवाल चुकीचा होता, तो रद्द समजा. आणि खरं विचाराल तर बाबांना यायचंच नाहीये, तुम्ही त्यांचा विचार करा. शिवराजदादांनी ऐकून घेतलं, मग आवाज चढवला. "आठ दिवसांपूर्वी तुम्ही लिहून दिलंत पूर्ण संमती म्हणून. त्यावर मी मालकाला शब्द दिला. आज म्हणता यायचं नाही. तुम्ही माझ्या बाबांवर प्रॅक्टिस करताय का?" मीही गप्प बसले नाही. म्हटलं, पुण्याहून फोनवर बोलणं सोपं असतं, इथे येऊन बघा. त्यांनी फोन ठेवला.

क्लिनिकमध्ये येऊन मॅडमना सांगितलं, चूक कबूल केली आणि पेशंटची बाजूही मांडली. मला वाटलं, निदान आज तरी मान हलवतील.

"जायचं नाही असं त्यांनी सांगितलं?"

मी म्हटलं, कळतं ना, मॅडम. पट्टीवरून कळतं.

"गेल्या आठवड्यात तू त्यांच्या वतीने हो म्हणालीस. या आठवड्यात नाही म्हणतेयस. ते कधी बोलणार?"

मी दार आपटून बाहेर आले. खरंच आपटलं, काच वाजली. बाहेर नाझिया उभी होती. पंधरा दिवसांत धड बोललो नव्हतो. तिने विचारलं, "चाय?" मी हो म्हटलं. टपरीवर गेलो. कप संपल्यावर ती म्हणाली, "उस दिन मैं बोल रही थी, वो हँसे तो उनका मुँह कितना आराम से खुला. बस इतनाच बोलना था मेरेकू." एवढंच वाक्य होतं. मी ते पंधरा दिवस अडवून ठेवलं होतं.


शुक्रवार, ३० ऑगस्ट

उद्या किल्ली द्यायची, म्हणून आजचं सेशन शेवटचंच असं धरून गेले होते. सगळं लिहून ठेवते.

तीन कार्डं केली होती. एकावर दुकानाचा फोटो. एकावर शिवराजदादांच्या पुण्याच्या घराचा, तो काकूंच्या फोनमधून घेतला. तिसरं कार्ड मॅडमनी सकाळी माझ्या टेबलावर ठेवलं होतं, त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. चिठ्ठीत लिहिलं होतं, "दोन्ही चूक असतील तर?" मला पुन्हा राग आला, कारण हे मला सुचायला हवं होतं.

कार्डं मांडली आणि काकांशी पहिल्यांदाच त्यांच्या दुकानातल्या बोलीत बोलले. "दादा, आपकू किधर रहना है? आप दिखाओ." काकूंच्या कपाळाला आठी पडली. मी बोट ओठांवर ठेवलं, त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

काका बघत बसले. मला किती वेळा वाटलं पुन्हा विचारावं, सोपं करून सांगावं, दुकानाच्या कार्डाकडे नुसती नजर तरी न्यावी. हात मांडीखाली दाबून बसले. बऱ्याच वेळाने त्यांचं बोट उठलं.

पुणे.

मी कार्डांची जागा बदलली. पुणे. पाच मिनिटं नातीच्या शाळेबद्दल, इकडचं-तिकडचं बोलून तिसऱ्यांदा मांडली, दुकान अगदी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं. त्यांनी हात लांब करून पलीकडचं पुणे उचललं आणि छातीशी धरलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पेशंटने स्वतः सांगितलं, तीनदा, ठाम. पण मी इतकी संतापले की कानशिलं गरम झाली. यांच्यासाठी मी त्यांच्या मुलाशी भांडले, मॅडमच्या दाराची काच वाजवली, आणि यांना पुण्यालाच जायचंय! मी पुन्हा माझंच त्यांच्या तोंडी घातलं होतं.

काकू पिशवीत औषधांच्या पट्ट्या घालत होत्या. एकदा घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. "चला, झालं मनासारखं," म्हणाल्या. आवाज असा होता की मी मान वर केली.

पुढे मी जे केलं ते शहाणपणाने केलं नाही, हे इथे खरं लिहिते. मला फक्त कुणाच्या तरी तोंडून 'नाही' ऐकायचं होतं. मी कार्डं काकूंच्या पुढे सरकवली. "आणि काकू, तुम्ही?"

त्या हसल्या. "मी काय आजारी आहे का, बाळ? मला तोंड आहे की."

'तुम्हाला जायचं नाही ना?' हे जिभेवर आलं होतं, ते गिळलं. काकूंनी काकांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पदर नीट केला. काकांना बोट उचलायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट त्यांना लागला. मग त्यांनी दुकानाचं कार्ड उचललं, आणि ठेवलं नाही.

"नाही," म्हणाल्या. "मला नाही जायचं."

काका त्यांच्याकडे वळले. तोंड उघडलं, ओठ हलले, मान ताणली गेली. "क... का..." काकू सवयीने म्हणाल्या, "काही नाही हो, असंच..." मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असेन, कारण त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

"कायकू?" काका म्हणाले.

आठ आठवड्यांत हा माणूस आम्ही विचारलेल्याला उत्तरं देत होता. आज पहिल्यांदा त्याने विचारलं.

मला वाटलं, काकू आता त्यांना मराठीत बोलायला सांगतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडक होता. "कायकू बोले तो? बावीस वर्षं दुपारच्याला गल्ल्यावर कोण बसलं? तुम्ही बेगम बाजारात माल आणायला जायचे, तवा दुकान कोण चालवलं? जूनपासून कोण चालवायलंय? शिवराज विचारतोय बाबांना, ही पोर विचारतीय तुम्हाला, मालकही विचारतोय तुमचीच तब्येत. तुम्ही हो म्हणलात की मी पण हो म्हणले. मला सगळ्या बाजारात लोक नावानं ओळखतात हो. पुण्यात मी कोण?"

काकांनी पुण्याचं कार्ड छातीवरून खाली घेतलं. टेबलावर ठेवलं नाही, हातातच धरलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, ते एक कार्ड घेऊन आणि त्या एक कार्ड घेऊन. काका पुन्हा म्हणाले, "कायकू," पण या वेळी हळू, आणि काकू पुन्हा सांगायला लागल्या. मी खुर्ची मागे घेतली. दाराच्या काचेतून मॅडम बघत होत्या. त्या आत आल्या नाहीत.

तेवढ्यात टेबलावर काकूंचा फोन वाजला. शिवराजदादा. सवयीने मीच उचलला. "काय झालं? मालक विचारतोय. काय म्हणाले बाबा?"

मला सगळं माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि या वेळी अगदी बरोबर सांगितलं असतं. मी फोन काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तो कानाला लावला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "शिवराज, बाबांचं तू बाबांनाच विचार, आणि ते सांगेपर्यंत थांब. आधी मी माझं सांगते."